रस्त्याचं काम आणि आपली सायकल

मैत्रिणींनो, पावसाळा सरला की गावोगावी रस्त्याची कामं निघतात. त्याच रस्त्यानं आपल्या मुली मानव विकासच्या सायकलीवर शाळेला जातात. म्हणून रस्त्यावरचे फलक ओळखता यायला हवेत. अक्षर येत नसलं तरी चालेल, आकार बघा.

लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका. त्यात फावडं घेतलेला माणूस असेल तर काम चालू आहे. लाल काठाचा गोल म्हणजे मनाई. आत सायकल असेल तर सायकल तिकडं न्यायची नाही.

सायकलला सगळ्यात वाईट सुटी खडी. तिच्यावर नुसता पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच. खडीच्या अलीकडेच वेग कमी करा. थर जाड असेल तर उतरून सायकल हातानं न्या, त्यात कमीपणा कसला? नव्या डांबराची उंच कडाही उतरूनच चढा. रोलरच्या मागे तर थांबूच नका.

चार दगड आणि झाडाची फांदी म्हणजे फलक नव्हे! अंधारात त्यावरच सायकल आदळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. सुरक्षेत कसूर होऊन कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ती वेळ येण्याआधीच गटाच्या बैठकीत विषय घ्या, फोटो जोडून ग्रामपंचायतीला अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर ‘मेरी सडक’ अ‍ॅपवरही तक्रार करता येते.