वेसाव्याची खाजणमाती

अंधेरीची जमीन म्हटली की गिल्बर्ट टेकडीचा काळा कातळ आठवतो. मला मात्र तिच्या पश्चिमेची, वेसाव्याच्या खाडीकाठची खाजणमाती अधिक बोलकी वाटते. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येते. ते संथ झाले की बारीक गाळ खाली बसतो. गाळ मूळचा बेसाल्टच्या झिजेचा. त्यातील चिकणमाती ओली असता फुगते, वाळली की तडकते. मीठ तर इतके, की अशा जमिनीत भात घ्यावयाचा तर बांध घालून पावसाच्या पाण्याने ते आधी धुवून काढावे लागते.

मूठभर चिखल उकरून पाहावा. वरचा थर तपकिरी, आतला निळसर काळा, आणि वास कुजक्या अंड्यांचा! आत हवा पोहोचत नाही. तेथील जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. म्हणूनच तिवरे आपली श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलाबाहेर काढतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीस बंदी घातली. तोवर पुष्कळ खाजण भरावाखाली गेले होते. लोखंडवाला वसाहत अशाच दलदलीवर उभी आहे.

भरावाखाली दडपलेली ही माती पाणी सोडीत वर्षानुवर्षे खचत राहते. उंच इमारतींचे खांब खडकापर्यंत नेता येतात. रस्ते व कुंपणभिंती मात्र भरावावरच टेकलेल्या असतात, आणि भेगा प्रथम तेथेच दिसतात.