गाडी पुसताना चरे का पडतात? टॉवेलची निवड आणि वापर



आजचा पाठ एका रोजच्या कामावर आहे : धुतलेली गाडी कोरडी करणे. यात शिकण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण तुमच्यापैकी काहीजण सुट्टीत वॉशिंग सेंटरवर काम करता, काहीजण पहाटे सोसायटीतल्या गाड्या पुसून फीचे पैसे उभे करता. काळ्या गाडीचा मालक मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरतो आणि म्हणतो, "हे बघ, तुझ्या फडक्यानं काय केलंय!" तेव्हा पगारातून पैसे कापले जाण्याची वेळ येते. अशा वेळी ते चरे कसे पडतात हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे ते पडूच न देता आले पाहिजेत.

आधी एक प्रयोग करा. घरातलं वापरातलं स्टीलचं ताट घ्या आणि बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक गोल रेघा दिसतील, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आता ताट थोडं सरकवा. जाळंही प्रतिबिंबाबरोबर सरकेल! म्हणजे त्या रेघा खरोखर गोल नाहीतच. ताटावर सगळ्या दिशांना हजारो चरे आहेत. त्यातले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि आपल्या डोळ्याला वर्तुळ भासतं. गाडीच्या रंगावर उन्हात दिसतं ते हेच. "गोल गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले" असं वॉशिंग सेंटरवर सर्रास सांगतात, ते अर्धवट खरं आहे. सरळ पुसूनही चरे पडले तर जाळं गोलच दिसणार. पांढऱ्या गाडीवर ते लपतं, काळ्या गाडीवर उठून दिसतं. नुकसान दोन्हीकडे सारखंच.

आता हे चरे कशात पडतात ते पाहू. आजकालच्या गाडीवर पत्र्यापासून वर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा केस बहुधा याच्यापेक्षा जाड असेल. गाडीची चमक या थराची आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षणही याचंच. पॉलिश करून चरे घालवतात म्हणजे काय करतात? चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून काढतात. चरा भरून येत नसतो. दर पॉलिशला थर पातळ होत जातो, आणि तो पुन्हा वाढत नाही. जुन्या गाडीच्या बोनेटवर किंवा टपावर पांढरे पापुद्रे सुटलेले पाहिले असतील. तिथे हा थर संपलेला किंवा सुटलेला असतो. मग पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज राहत नाही.

बरं, चरे पाडतं कोण? मऊ टॉवेल तर नक्कीच नाही. इथे विज्ञानाच्या पुस्तकातलं काठिण्य आठवा. फ्रेडरिक मोह्स या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची एक पट्टी मांडली. शंखजिऱ्याला १, हिऱ्याला १०. जे वरच्या क्रमांकाचं, ते खालच्यावर चरा पाडतं. आपलं नख या पट्टीवर साधारण अडीच, काच साडेपाच. गारगोटी आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ ७. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात फेल्डस्पार हे खनिज भरपूर असतं, ते ६. रस्त्यावरची, खडी क्रशरची, बांधकामाची धूळ यांचीच बनलेली. क्लिअर कोट हा शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ. रंगाच्या कारखान्यात त्याचं काठिण्य पेन्सिलीने तपासतात, एचबी, एच, २एच अशा शिशांनी रेघ ओढून! यावरून कल्पना करा, त्याच्यापुढे गारगोटीचा कण म्हणजे काय.

म्हणून या पाठातली मुख्य गोष्ट इथेच लिहून ठेवा. टॉवेल हे फक्त वाहन आहे. चरा पाडतो तो टॉवेल आणि रंग यांच्या मधे सापडलेला कण. टॉवेल कोणता घ्यायचा, कसा धरायचा, कधी टाकून द्यायचा, या सगळ्यांचं उत्तर एका प्रश्नातून निघतं : कण मधे आला तर त्याला जायला जागा आहे का, आणि त्याच्यावर दाब किती पडतो?

या प्रश्नाने आपली नेहमीची फडकी तपासू. जुना बनियन, धोतराचा तुकडा, पंचा ही कापडं मऊ खरी, पण सपाट. कण त्यात शिरू शकत नाही. तो कापडाखाली अडकतो आणि जिथे हात जाईल तिथे रेघ ओढत जातो. प्लॅस्टिकच्या डबीत मिळणारा, वाळला की पापडासारखा कडक होणारा पिवळा पीव्हीएचा तुकडा पाणी झकास ओढतो, पण तोही सपाटच. चामड्याच्या शॅमॉयचं तेच. आंघोळीच्या टर्किश टॉवेलला निदान लूप असतात, कण आत जायला थोडी जागा मिळते. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी आणि साबणाचा अंश यांनी तो टॉवेल काही महिन्यांत खरखरीत होतो. काचेसाठीचा रबरी वायपर बॉडीवर फिरवताना मी पाहिला आहे. कृपा करून तसं करू नका. रबराच्या धारेखाली एक कण आला की टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक रेघ.

मायक्रोफायबर इथे का जिंकतं? धाग्याची बारीकी डेनियरमध्ये मोजतात. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. मायक्रोफायबर १ डेनियरपेक्षाही बारीक. म्हणजे सीएसएमटीपासून दादरपर्यंत रेल्वेने जेवढं अंतर आहे तेवढा धागा अंथरला तरी त्याचं वजन एक ग्रॅम भरणार नाही. हा धागा पॉलिएस्टर आणि नायलॉन (लेबलवर पॉलिअमाइड लिहिलेलं असतं) यांचा मिळून बनतो, आणि चांगल्या प्रतीत तो कारखान्यात संत्र्याच्या फोडींसारखा फोडलेला असतो. त्या फोडींच्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढतं, जसं दिव्याच्या वातीत तेल चढतं. आणि टॉवेलला वर लव असली की धुळीचा कण त्या लवेत खोल जाऊन बसतो, रंगापासून लांब. आपल्याला हवी होती ती जागा हीच.

पण "मायक्रोफायबर" एवढं लेबल बघून फसू नका. सिग्नलवर मिळणारं पातळ, चकचकीत फडकंही मायक्रोफायबरच असतं. घेताना कोरडा हात त्यावर फिरवा. धागा फोडलेला असेल तर तो हाताच्या खरखरीत कातडीला किंचित धरतो, हाताला थोडं विचित्र वाटतं. नुसता घसरत असेल तर पाणी पुढे ढकलत नेणारा टॉवेल आहे असं समजा. पॉलिएस्टर ८० टक्के आणि पॉलिअमाइड २० किंवा पॉलिएस्टर ७० आणि पॉलिअमाइड ३० असं प्रमाण लिहिलेलं असेल तर बरं. दुसरा आकडा जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन. पाणी टिपायला ५०० च्या वरचा घ्यावा. ३००-४०० चे टॉवेल आतल्या डॅशबोर्डला, काचेला ठीक.

दुकानदार सांगतो तो जीएसएम खरा की खोटा, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. ४० बाय ६० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.४ गुणिले ०.६, म्हणजेच ०.२४ चौरस मीटर. तो ८०० जीएसएमचा असेल तर काट्यावर १९२ ग्रॅम दिसले पाहिजेत. ९६ दिसले तर तो ४०० चा आहे आणि तुमचे अर्धे पैसे हवेत गेले.

शेवटी किनार बघा. काठाची शिवण जाड, टणक दोऱ्याची असेल आणि वर कंपनीचं लेबल शिवलेलं असेल, तर मधला भाग कितीही मऊ असून उपयोग नाही. लेबल उसवून काढा, कात्रीने अर्धवट कापू नका. कापलेलं टोक जास्त टोचतं. शंका वाटली तर जुन्या, टाकाऊ सीडीच्या चकचकीत बाजूवर टॉवेल आणि त्याची किनार दाबून घासा, मग उजेडात धरा. सीडी मऊ प्लॅस्टिकची असते, ती खोटं बोलत नाही.

### टिपणे आणि पुसणे

मराठीत या दोन क्रियापदांत फरक आहे, आणि अख्खं तंत्र त्या फरकात आहे. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांना टिपकागद आठवत असेल. ओल्या अक्षरावर तो ठेवायचा, हलकेच दाबायचा, उचलायचा. घासला तर अक्षर फरपटलंच. गाडी तशीच टिपायची.

त्याआधी पाणी शक्य तेवढं स्वतःहून खाली जाऊ द्या. पाइपचं नोझल काढून टपावरून संथ धार सोडली तर पाणी चादरीसारखं एकसंध घरंगळतं आणि मागे थोडेच थेंब उरतात. मे महिन्यात पाइप लावायची चैन अनेक गावांत नसते, तिथे मगाने वरून सावकाश ओतलं तरी चालतं. मग मोठा टॉवेल पूर्ण उघडा, टपावर किंवा बोनेटवर अंथरा, क्षणभर थांबा, आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे हलकेच ओढा. तळहाताने दाबायचं नाही.

दाबाने किती फरक पडतो, ते गणित करून बघू. ६० बाय ९० सेंटिमीटरचा ८०० जीएसएमचा टॉवेल ४३२ ग्रॅम. त्याने एक लिटर पाणी प्यायलं असं धरू, म्हणजे सुमारे १४३२ ग्रॅम. हे वजन ५४०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर पाव ग्रॅमच्या जरा वर. आता तोच टॉवेल चुरगाळून हाताखाली घेतला आणि २ किलोचा जोर दिला. तळहाताखालचा भाग १०० चौरस सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २० ग्रॅम. जवळजवळ ७५ पट! कण तोच, टॉवेलही तोच.

दारं उभी असतात, तिथे टॉवेल अंथरता येत नाही. तिथे घडी घालून टेकवा, थोपटा, उचला. लहान टॉवेलची दोनदा घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू भिजली की पुढची. वरून खाली या. दारांचा खालचा पट्टा, मडगार्डच्या कडा आणि चाकं यांच्यासाठी वेगळा, जुना टॉवेल ठेवा, कारण धुतल्यानंतरही सगळ्यात जास्त कण तिथेच चिकटून असतात. आणि टॉवेल जमिनीवर पडला तर? झटकून पुन्हा वापरायचा नाही. तो त्या दिवसापुरता बाद. वॉशिंग सेंटरवर मालक बडबड करतील, पण एका बोनेटच्या पॉलिशपेक्षा दुसरा टॉवेल नक्कीच स्वस्त पडतो.

उन्हात गाडी धुऊ नका, कारण टिपायच्या आतच थेंब वाळतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन असतं. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या गोल डागांच्या रूपात मागे राहतात. मग माणूस ते कोरड्या फडक्याने घासायला जातो आणि पुन्हा चरे.

पहाटे गाड्या पुसणाऱ्यांसाठी खास सांगतो. हिवाळ्यात गाडीवर दव पडलेलं असतं, आणि "आयतं पाणी आहे" म्हणून त्यावरच फडकं फिरवतात. दवाने धुळीचा चिखल झालेला असतो. तो वाहून गेलेला नसतो, फक्त ओला झालेला असतो. एका बादलीत चौदा गाड्या पुसायच्या असतील तर पाचव्या गाडीपासून त्या बादलीत पाणी कमी आणि वाळू जास्त. यात पुसणाऱ्या मुलाचा दोष किती आणि महिन्याला ठरावीक रक्कम देऊन रोज चकचकीत गाडी मागणाऱ्याचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर, मालकाने स्वतःच्या गाडीचे दोन टॉवेल घेऊन द्यावेत, आणि रोज कोरडं पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने धुवायला सांगावं. टॉर्च धरण्याआधी एवढं करायला हरकत नाही.

टॉवेल धुण्याबद्दल थोडक्यात. नवा टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा, सुटा धागा आणि रंग निघून जातो. सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्यांची कुसं लवेत अडकतात. पातळ साबण थोडाच घाला. कपडे मऊ करणारं सुगंधी कंडिशनर अजिबात नको. ते धाग्यावर थर चढवतं, आणि टॉवेल हाताला मऊ लागला तरी पाणी ओढेनासा होतो. उकळतं पाणी आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. सावलीत वाळवून बंद पिशवीत ठेवा. डिकीत स्टेपनीजवळ टाकलेला टॉवेल पुन्हा रंगाला लावू नका.

स्वाध्याय

१) ३० बाय ७० सेंटिमीटरच्या टॉवेलचं वजन १२६ ग्रॅम भरलं. त्याचा जीएसएम किती? गाडी टिपायला तो घ्याल का?

२) घरातला एक मायक्रोफायबर आणि तेवढ्याच आकाराचा एक सुती नॅपकिन कोरडे तोला. दोन्ही भिजवून, थेंब गळायचे थांबेपर्यंत टांगून पुन्हा तोला. स्वतःच्या वजनाच्या किती पट पाणी कोणी धरलं?

३) स्टीलच्या ताटाचा प्रयोग दोन बल्बांखाली करा. जाळी किती दिसतात, आणि का?

४) गाडी धुऊन झाली आहे, तुमच्याकडे एकच टॉवेल आहे आणि तो चाकं पुसून झालेला आहे. बोनेटवर थेंब आहेत, ऊन चढतंय, नळाला मात्र पाणी आहे. काय कराल? कारणासह लिहा.