कलगी-तुरा आणि चौघांचे गाणे



समूहगीत स्पर्धा जवळ आली की वर्गावर्गांत एकच चर्चा असते, पहिला नंबर कोणाचा? आज आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. गाण्याच्या स्पर्धेत समोरचा गट कशासाठी हवा असतो? उत्तरासाठी दोन परंपरा पाहू. एक आपल्या मराठी मुलखातली, दुसरी अमेरिकेतली.

१. कलगी आणि तुरा

कलगी आणि तुरा हे दोन्ही पगडीवरचे दागिने. शाहिरांच्या दोन पक्षांना हीच नावे पडली. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला. दोन्ही फड समोरासमोर उभे राहत. एका पक्षाचा शाहीर डफावर थाप देऊन लावणीतून कूट प्रश्न टाकी आणि दुसऱ्याने त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यायचे. अशा रचनांना भेदिक लावण्या म्हणतात. पुराणे ठाऊक नसतील, तर नुसता गोड गळा कामाचा नसे. हे सवाल-जवाब रात्र रात्र चालत.

शाहीर एकटा गात नसे. जोडीला तुणतुणे असे आणि मागे झीलकरी. आपल्या सप्ताहातील भजनात एक जण चरण म्हणतो व बाकीचे धृपद उचलतात, तसेच हे. झील ढिली पडली की शाहीरही पडलाच!

या पक्षांची एक आख्यायिका सांगतात. तुकनगीर हा संन्यासी आणि शाहअली हा फकीर चंदेरीच्या राजापुढे गायिले. राजाने खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. दोघांचाही मान झाला, हे लक्षात ठेवा. कोकणात जाखडी नृत्याच्या 'शक्ती-तुरा' सामन्यांतून ही परंपरा आजही चालू आहे.

२. चौघांचे गाणे

अमेरिकेत 'बार्बरशॉप' नावाचा गायनप्रकार आहे. वाद्य एकही नाही, गाणारे चौघे. 'लीड' मूळ चाल धरतो, 'टेनर' तिच्या वरचा स्वर देतो, 'बेस' खालचा आणि 'बॅरिटोन' उरलेला स्वर भरतो. चार वेगळे स्वर एकाच वेळी लागतात व कानाला एक वाटतात. केशकर्तनालयात जमलेले लोक वेळ घालवायला गात, म्हणून हे नाव. या गायकीची मुळे कृष्णवर्णीय समाजात आहेत, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

१९३८ साली टल्सा या शहरात ओ. सी. कॅश या वकिलाने ही कला जपण्यासाठी संस्था काढली. पुढच्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 'बार्टल्सव्हिल बारफ्लाइज' हे चौघे जिंकले.

पण १९४१ मध्ये काय झाले? न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकलेल्या 'ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स' या चौघांना राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिले नाही. कारण एकच, ते कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या समाजातून हे गाणे आले, त्यांनाच दार बंद! न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल् स्मिथ आणि रॉबर्ट मोझेस यांनी निषेध म्हणून संस्थेतील पदे सोडली. तरीही संस्थेचे दार कृष्णवर्णीयांना उघडायला १९६३ साल उजाडले, आणि स्त्रियांना सभासदत्व मिळायला २०१८.

३. आपण काय घ्यावे?

कलगीवाल्याला तुरेवाला नसेल तर प्रश्न कोणाला घालणार? प्रतिस्पर्ध्यामुळेच त्याला पुराण वाचावे लागते, नवी लावणी बांधावी लागते. १९४१ च्या स्पर्धेत मात्र चांगल्या गायकांना बाहेर ठेवले गेले. तिथे ज्यांना बक्षीस मिळाले, ते खरेच सर्वांत उत्तम होते का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून गट निवडताना वर्गात मागे बसणाऱ्यालाही एकदा गाऊन पाहू द्या. 'त्याचा आवाज जाडा आहे' असे म्हणण्यापूर्वी आठवा, खालचा स्वर धरायला तोच लागतो. पालकांनी व विश्वस्तांनीही बक्षिसांबरोबर एवढे पाहावे, की मंचावर यायचे कोणी राहून तर गेले नाही ना?

स्वाध्याय

१. झीलकरी आणि 'बेस' यांच्या कामांत साम्य व फरक सांगा.
२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून सवाल-जवाबाचे एक कोडे वहीत लिहून आणा.
३. वर्गाचे दोन गट करा. एकाने पाठावरील प्रश्न गाऊन विचारावा, दुसऱ्याने उत्तर गाऊनच द्यावे.