जुनी फूड व्हॅन घेताय? आधी छत दाबून बघा!

दिवेआगर-श्रीवर्धनला येणाऱ्या पर्यटकांसाठी जुनी कॅरॅव्हॅन किंवा फूड व्हॅन घ्यायचा विचार करताय? मग आत शिरल्यावर आधी वर बघा. छताला पोट आलंय का? बहुतेक वेळा कारण एकच, टपावरून झिरपणारं पाणी. म्हणून आधी गळती, मग छत.

१. पोट आलेला भाग बोटाने दाबा. कडक असेल तर गोंद सुटलाय. मऊ लागला तर प्लाय कुजलंय.

२. टपावर पाइपने पाणी सोडा, आत एकाने बघत राहायचं. गळतीच्या जागी खूण करा.

३. सगळं सुकू द्या. मग सांध्यांतलं आणि स्क्रूभोवतीचं जुनं सीलंट खरवडून नवीन पॉलियुरेथेन सीलंट भरा. पुन्हा पाणी मारून खात्री करा.

४. कडक प्लाय चिकटवून, गोंद धरेपर्यंत खालून टेकू द्या. कुजलेलं कापून पातळ मरीन प्लाय बसवा.

ओल्या छतावर नवीन शीट मारू नका. आत लाकूड कुजतच राहतं.

म्हसळ्यात हे काम मे महिन्यातच उरका. आणि सौद्याआधी सुताराकडून खर्च काढा. छताची फ्रेमच कुजली असेल, तर स्वस्तातली गाडीही महागात पडते.