डास चावला तर खाजवू नका

पावसाळ्यात आमच्या गोठ्याजवळ डास फार होतात. मागच्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाच्या पायाला डास चावले. "दादा, लई खाजतंय," म्हणून तो रडायला लागला. मी त्याला खाजवून दिले. त्याला बरं वाटलं. पण माझी नखं मळकी होती. तिसऱ्या दिवशी तिथे पू झाला, तापही आला. आईला मजुरी बुडवून त्याला दवाखान्यात न्यावे लागले.

तिथल्या नर्सबाईंनी मला नीट समजावले. डासाची फक्त मादी चावते. रक्त पिताना ती आपल्या कातडीत लाळ सोडते. त्या लाळेमुळे गांधी उठते व खाज सुटते. खाजवले की खाज वाढते आणि नखातली घाण आत जाते.

म्हणून असे करावे :

१) चावलेली जागा साबणाने धुवावी.
२) माठातल्या गार पाण्यात स्वच्छ फडके भिजवून १० मिनिटे ठेवावे.
३) फारच खाज आली तर तळहाताने दाबावे. नख लावू नये.
४) चुना, शेण, माती लावू नये.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून तोंड सुजले, दम लागला, तर घरी उपाय करत बसू नये. लगेच दवाखान्यात न्यावे.

आता भावाचा पाय बरा आहे. पण डाग राहिलाय. दर रविवारी मी आधी माझी नखं कापतो, मग त्याची. आणि आईबरोबर रांजण घासून कोरडा करतो.