पोरगं डोळे चोळतंय, तिकडे लक्ष द्या
(केराटोकोनस झालेल्या मुलाच्या आईचे अनुभवाचे बोल, धनज, जि. वाशीम)

१. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल, त्यातही तिरपा नंबर वाढत असेल, तर नुसती काच बदलून घरी येऊ नका. माझ्या मुलाचं बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येत होतं. हाच केराटोकोनस. तो लवकर कळतो तो टोपोग्राफीत, म्हणजे बुबुळाचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत. ती मोठ्या शहरात बुबुळाच्या तज्ज्ञाकडेच करावी.

२. डोळे चोळणं बंद, हा पहिला उपचार. सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की भुसा उडतो, पुढे उन्हाळ्याची धूळ. "आई, डोये खाजून रायले," म्हणत पोरगा मुठींनी बुबुळ दाबायचा. पोराला रागावून काहीच होत नाही, कारण खाज खरी असते. थंड पाण्याची पट्टी ठेवा, डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब नेमाने टाका, बाहेर जाताना गॉगल द्या. पालथं, डोळा उशीत दाबून झोपू देऊ नका. घरात आजीपासून सगळ्यांना हे सांगून ठेवा. एकट्या आईची नजर पुरत नाही.

३. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, म्हणून तीच बाटली पुन्हा आणली जाते. त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, मुलांनासुद्धा.

४. मोठ्यांमध्ये काही महिने थांबून आजार वाढतो का ते पाहतात. मुलांमध्ये तो झपाट्याने वाढतो, म्हणून डॉक्टर क्रॉसलिंकिंग लवकर सुचवतात. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण सोडतात, त्याने बुबुळ घट्ट होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये छापले. नेहमीच्या पद्धतीला बुबुळ किमान ४०० मायक्रॉन जाड लागतं. निरोगी बुबुळ साधारण ५४० असतं. "परीक्षा झाल्यावर पाहू" म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

५. क्रॉसलिंकिंगनंतरचे दोन-तीन दिवस डोळा फार दुखतो, पाणी गळतं. पोराला ते आधीच सांगा. चष्मा जाणार नाही, हेही सांगा. उपचार आजार थांबवण्यासाठी आहे. नजर सुधारायला पुढे कडक लेन्स लागू शकते.

६. उपचारानंतरही काही मुलांत आजार पुन्हा वाढतो. टोपोग्राफीची तारीख चुकवू नका. मागचे सगळे नकाशे एका फाइलमध्ये ठेवा, डॉक्टर तेच ताडून पाहतात. त्याच फेरीत धाकट्या भावंडांचेही डोळे दाखवून घ्या.