हात का कापतो?

आबांचे वय ६२. दोन वर्षे झाली, त्यांचा हात कापतो. कप उचलला की चहा बशीत सांडतो. पाटीवर अक्षर गिरवताना रेघ नागमोडी होते. गावात कोणी म्हणाले, "आबा पिऊ लागले." कोणी म्हणाले, "कंपवात झाला." लाजेने आबांनी साक्षरता वर्ग सोडला.

सूनबाई म्हणाली, "मामंजी, लोकांचं राहू द्या. डॉक्टरांना दाखवू या."

डॉक्टर म्हणाले, "आबा, हात मांडीवर सैल ठेवा." हात स्थिर राहिले. "आता दोन्ही हात समोर धरा." हात कापू लागले. पाण्याचा पेला ओठांशी नेताना तर जास्तच कापले.

"तुमच्या वडिलांचे हात कापत होते का?"

"होय. मानही हलायची, नाही नाही म्हटल्यासारखी."

"आबा, हे व्यसन नव्हे. या दुखण्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. ते पुष्कळदा घराण्यात चालत येते."

या दुखण्याच्या खुणा अशा :

१. काम करताना हात कापतात. विसावले की बहुधा थांबतात.
२. बहुतेक वेळा दोन्ही हात कापतात.
३. काहींची मान हलते, आवाज थरथरतो.
४. दमल्यावर, काळजीने, चहा-कॉफीने कंप वाढतो.

कंपवाताची गोष्ट वेगळी. त्यात हात विसावलेला असताना जास्त कापतो. सुरुवात बहुधा एका बाजूने होते. हालचाल मंद होते, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते.

थायरॉईडच्या विकाराने आणि दम्याच्या काही औषधांनीही हात कापतात. म्हणून घरी निदान करू नका. चालू असलेली औषधे डॉक्टरांना दाखवा. औषधाने पुष्कळांचा कंप कमी होतो. दारूने तो थोडा वेळ दबतो, पण तो उपाय नव्हे. व्यसन मात्र लागते.

एकाएकी हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर ते दुखणे निराळे. तेव्हा तडक दवाखाना गाठा.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "पेला अर्धाच भरा. जाड पेन वापरा. आणि वर्ग सोडू नका. अक्षर वाकडे आले तरी ते तुमचेच अक्षर आहे."

प्रश्न
१. आबांचा हात केव्हा कापतो? केव्हा थांबतो?
२. कंपवाताच्या दोन खुणा सांगा.
३. तुमच्या ओळखीत कोणाचा हात कापतो का? त्यांना तुम्ही काय सांगाल?